पुराव्याला हात लावू नये

गडगा पडला तेव्हा आरोही आत झोपलेली होती, ही देवाची कृपा. आणि गडगा पडला तेव्हा महिपतकाका शेजारच्या पडवीत जागे होते, हा नशिबाचा भाग.

गडगा म्हणजे काही किल्ल्याचा तट नव्हता. जांभ्याचे ओबडधोबड दगड एकावर एक रचलेले, मध्ये ना माती ना सिमेंट, उंची जेमतेम कमरेएवढी. पण भाट्याच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या घराचं खळं, म्हणजे पुढचं अंगण, हे त्या गडग्यामुळेच खळं होतं. तो नसता तर ते रस्त्याचाच एक सारवलेला तुकडा झालं असतं. आरोहीला दुपारी खळ्यात सोडायचं, बेडं, म्हणजे फाटकाचे आडवे बांबू, घालून घ्यायचं आणि पडवीतल्या मशीनवर झबली शिवत बसायचं, अधूनमधून मान वर करायची, पोर गडग्याच्या आत आहे ना बघायचं आणि गरम चहाचा घोट घ्यायचा. मृणालीच्या सबंध दिवसात तिचा स्वतःचा असा तेवढाच वेळ. मूल झाल्यापासून गरम चहा म्हणजे काय ते ती विसरली होती. या गडग्यानं तो तिला परत मिळवून दिला होता.

तर एका सरकारी खात्याचं खोदकामाचं यंत्र मागे येता येता त्या गडग्यात घुसलं. खात्याचं नाव इथे घेत नाही. घेतलं तर आधी त्यांना नोटीस द्यावी लागेल, आणि नोटिशीचं काय होतं ते पुढे येणारच आहे.

मृणाली धावत बाहेर आली तेव्हा यंत्रवाला खाली उतरून दगडांकडे असा बघत होता, जणू तेच त्याच्या अंगावर आले होते.

"ओ ताई, मी नाय पाडला. मी मागं घेतला, तो पुढं आला."

"गडगा पुढे आला?"

"जुना हाय ना. जुन्यांचा काय सांगता येत नाय," असं म्हणून तो यंत्रावर चढला आणि निघून गेला.

मृणालीला पहिला संशय तिथेच आला. माणूस इतक्या चटकन खोटं बोलतो म्हणजे त्याला सराव आहे, आणि सराव आहे म्हणजे आणखीही गडगे पडलेले आहेत. संशय हा मृणालीचा माहेरचा दागिना. हेदवीला तिचे आजोबा देवळातून बाहेर आल्यावर आधी चपला मोजायचे आणि मग त्या आपल्याच आहेत का ते घालून बघायचे.

तिचा नवरा विनीत मात्र साधा माणूस. संध्याकाळी पतपेढीतून आला, दगड पाहिले आणि म्हणाला, "रविवारी धाकूला बोलावू. तो दुपारपर्यंत रचून देईल." एवढ्यावर ही गोष्ट संपली असती. पण तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"एकाही दगडाला हात लावायचा नाही! पुरावा आहे तो!"

महिपतकाकांनी सगळी हयात कोर्टात नाझर म्हणून, जप्तीचा माल सांभाळण्यात, काढली होती. निवृत्त झाले तरी त्यांच्यातला नाझर निवृत्त झाला नव्हता. घरी पाहुणे आले तरी ते दारात उभे राहून त्यांच्या सामानाची यादी करतात, असं त्यांची बायकोच सांगायची. त्यांनी पडक्या गडग्याभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला. "याला अपकृत्य म्हणतात."

"म्हणजे पाप?" सासूबाई, तुळसाबाई, पदर खोचत पुढे आल्या.

"नव्हे, वहिनी. भरपाई मागता येईल असं नुकसान. पापाला नोटीस लागत नाही. याला लागते." मग ते मृणालीकडे वळले. "सरकारवर दावा म्हणजे काय चिंचेचं झाड आहे, आलं मनात की चढलं? आधी खालचा साहेब, मग वरचा साहेब, मग त्याच्या वरचा. सगळे दरवाजे ठोठावायचे. एक जरी राहिला तरी कोर्ट विचारतं, बाई, तो का राहिला? आणि सगळे झाले की कलम ऐंशीची नोटीस. मी तुमच्यावर दावा लावणार आहे, असं सरकारला कळवायचं आणि दोन महिने थांबायचं."

"म्हणजे ज्यानं मारलं त्यालाच सांगायचं, की बाबा रे, मी दोन महिन्यांनी रडणार आहे?"

"बरोबर. तोवर रडू जपून ठेवायचं. आणि दगडही."

खरं तर याच वेळी मृणालीनं धाकूला हाक मारायला हवी होती. पण आरोही नुकतीच जागी होऊन पडवीच्या पायरीवर आली होती. तिनं समोर बघितलं. जिथे रोज दगड असायचे तिथे आज रस्ता होता, आणि रस्त्यावरून एक लाल एस्टी चालली होती. "दाल!" असं आनंदानं ओरडून ती सुटली ती थेट एस्टीच्या दिशेनं. विनीतनं झेप घालून तिला दगडांच्या अलीकडे पकडलं. एस्टीवाल्यानं भोंगा वाजवला आणि खिडकीतून डोकं काढून मृणालीला म्हणाला, "ताई, पोर सांभाळा! गडगा घाला काहीतरी!"

गडगा पाडला सरकारनं, आणि वर सरकारी गाडीचा माणूस तिलाच सांगतो, की गडगा घाला. मृणालीनं विनीतकडून आरोहीला ओढून घेतलं. "काका," ती म्हणाली, "पहिला दरवाजा कुठला?"

पहिला दरवाजा खात्याच्या कार्यालयात तळमजल्यावर होता. मृणाली आरोहीला काखोटीला मारून तिथे गेली. टेबलावरच्या बाईंनी संगणकात बघितलं.

"काय पडलंय?"

"गडगा."

"गडगा नाहीये यात. भिंत आहे, कुंपण आहे आणि इतर आहे."

"मग भिंत घाला."

"भिंत घातली तर बांधकामाची परवानगी जोडावी लागेल."

पणजोबांनी रचलेल्या गडग्याची परवानगी आणायची तर पणजोबांकडेच जावं लागलं असतं. "बरं, कुंपण घाला."

"कुंपण म्हणजे तार लागते. तार होती?"

"तार कशी असेल? गडगा होता!"

"मग इतर. पण 'इतर'चे भाऊसाहेब रजेवर आहेत."

मृणालीनं बाईंकडे रोखून पाहिलं. नेमके आजच रजेवर? यंत्रवाल्यानं आधीच फोन करून ठेवलेला दिसतोय. ती असा विचार करत असतानाच आरोहीनं टेबलावरची शाईची गादी जवळ ओढली, तळवा तिच्यावर दाबला आणि अर्जाच्या खाली, आईच्या सहीशेजारी, एक लहानसा निळा पंजा उठवला.

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "आता हा अर्ज दोघींचा झाला."

"अहो, ती दोन वर्षांची आहे."

"वय विचारायला रकाना नाहीये, ताई. अंगठा असला की अर्जदार. नवा अर्ज हवा तर 'इतर'चे भाऊसाहेब येऊ देत."

अशा रीतीनं खात्याकडून पुढे जी जी पत्रं आली ती "श्रीमती मृणाली व इतर एक" या नावानं आली. आणि प्रत्येक पत्रात तळाशी लिहिलेलं असायचं, की सुनावणीस दोन्ही अर्जदारांनी जातीने हजर राहावे. अर्जदार क्रमांक दोन प्रत्येक सुनावणीला जातीनं हजर राहिली. एका साहेबांच्या पेपरवेटवर तिनं दात उमटवले, दुसऱ्यांच्या मांडीवर बसून त्यांचा डबा उघडला, आणि तिसऱ्या साहेबांनी "तुमचं म्हणणं काय?" असं विचारल्यावर तिनं ते इतक्या मोकळेपणानं मांडलं, की खुर्ची धुवावी लागली. मृणालीच्या मते सबंध प्रकरणात खात्याला पटेल असा युक्तिवाद तेवढाच झाला.

खालच्या साहेबांनी सांगितलं, यंत्र आमचं पण ठेकेदार वरचा. वरच्यांनी सांगितलं, ठेकेदार आमचा पण रस्ता खालच्यांचा. त्यांच्या वरचे साहेब म्हणाले, गडगा पडला असेल तर वाईट झालं, परंतु तो पडण्यापूर्वी उभा होता याला आधार काय? मृणालीनं आरोहीच्या बारशाचा फोटो दाखवला. मागे गडगा, पुढे बारा बायका. साहेब बराच वेळ फोटो न्याहाळून म्हणाले, "यात बायका दिसतायत. गडग्याचा आधार यांनीच घेतलाय."

इकडे घरी खळ्याची पार धर्मशाळा झाली होती. पडक्या जागी मृणालीनं जुनी साडी बांधली, तर आरोही तिच्याखालून वाकून जायला शिकली. सासूबाई दुपारची झोप सोडून तिथे स्टूल टाकून बसू लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी सुपारी कातरली, दुसऱ्या दिवशी त्या बसल्या जागी घोरल्या, आणि त्या घोरत असताना कुणाची तरी गाय आत येऊन सगळं अळू खाऊन गेली. मृणालीची मशीन कापडानं झाकून ठेवलेली. चहा रोज थंड व्हायचा आणि रोज त्यावर साय धरायची. ती एका हातानं पोरीचा फ्रॉक धरून दुसऱ्या हातानं तो गिळायची.

"बाय गो," समोरच्या मरियमभाभी साडीपाशी येऊन म्हणाल्या, "माझा ऐकशील? आमच्या झुबेरला बोलव. दोन घंट्यात लावून देईल. पोरीचा जीव म्हत्वाचा, का तुझे कागद?"

"पण भाभी, पुरावा जाईल ना."

"पुरावा जाऊ दे खड्ड्यात. पोर रस्त्यावर गेली तर कुनाला पुरावा दाखवशील?"

मृणालीनं साडीची गाठ घट्ट केली. रात्री आरोहीला थोपटताना तेच वाक्य तिच्या कानात घुमत राहिलं. पण भाभींचं इतकं लक्ष का, हाही विचार आलाच. कारण त्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं होतं, की दगड कमी होतायत.

आधी वाटलं, भास असेल. मग एक मोठा चपटा दगड, जो ती रोज ओळखीच्या माणसासारखा बघायची, तो दिसेनासा झाला. पहिला संशय अर्थातच खात्यावर: पुरावा पळवतायत. दुसरा मरियमभाभींवर, कारण त्यांच्या मोरीत नवा धुण्याचा दगड आला होता. तिसरा विनीतवर, कारण त्याच्या स्कूटरच्या स्टँडखाली एक जांभ्याचा तुकडा सापडला. "अगं, तो लग्नाआधीपासून आहे," विनीत कळवळून म्हणाला. तिनं तो तुकडा उचलून ढिगावर ठेवला. त्या रात्री स्कूटर आडवी झाली.

शेवटी तिनं शक्कल लढवली. उरलेल्या प्रत्येक दगडाला कुंकवाचं बोट लावून ठेवलं. आता कुठेही गेला तरी ओळखता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढिगावर जास्वंदीचं फूल होतं. त्याच्या पुढच्या दिवशी फोडलेल्या नारळाची भकलं. मग एक अनोळखी बाई रिक्षा थांबवून उतरल्या, हात जोडले आणि सासूबाईंना विचारू लागल्या, "राखणदार देव कधीपासून हाय ओ हा?" सासूबाईंनी, खोटं कशाला बोला, "आजेसासऱ्यांच्या वेळपासून" असं सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथे उदबत्ती लागली.

"वाईट झालं," महिपतकाका मान हलवत म्हणाले. "धार्मिक स्थळ ठरलं तर प्रकरण वेगळ्या टेबलाला जातं. पुन्हा पहिल्या दरवाजापासून."

पण दगड कमी होतच होते. देवाला नमस्कार करून देव पळवणारा हा कोण? आणि एका दुपारी आरोहीचा चेंडू शेजारच्या मागीलदारी गेला म्हणून मृणाली तो आणायला गेली, तेव्हा महिपतकाकांच्या विहिरीमागे गोणपाटाखाली तिला कुंकवाचे ठिपके दिसले. एक, दोन, अख्खी रास. वर तो मोठा चपटा.

"काका!"

काका धोतर सावरत आले. चेहऱ्यावर लाज नव्हती. उलट कर्तव्य होतं.

"मुद्देमाल आहे तो. ताब्यात घेतलाय."

"तुम्ही? मी सगळ्या रत्नागिरीवर संशय घेतला! विनीतच्या स्कूटरचा आरसा फुटला!"

"उघड्यावर मुद्देमाल ठेवतात का कुठे, पोरी? गायी येतात, भाविक येतात. मी रोज तुझ्या सासूचा डोळा लागला की थोडा थोडा आणत होतो." मग जरा खालच्या आवाजात, "कंबर गेली माझी. कुणाला सांगू नको."

मृणालीला राग यावा की दया, हे ठरेना. महिपतकाकांनी हयातभर दुसऱ्यांचा मुद्देमाल सांभाळला होता. निवृत्तीनंतर कुणी त्यांना साधा दगडही सांभाळायला दिला नव्हता. ती चेंडू घेऊन परत आली. गोणपाट मात्र नीट ओढून घेतलं.

एवढं होईतो सगळे दरवाजे झाले होते. नोटीस गेली होती, मुदत संपत आली होती, आणि एक दिवस खात्याकडून एकदम दोन पाकिटं आली. एकात लिहिलं होतं, की सोमवारी सकाळी अर्जदारांनी कार्यालयात शेवटच्या सुनावणीस हजर राहावे. दुसऱ्यात लिहिलं होतं, की सोमवारी सकाळीच साहेब प्रत्यक्ष जागेची पाहणी करतील.

"एकाच वेळी दोन्ही? हा डाव आहे," मृणाली म्हणाली.

"डाव असो नसो," काका म्हणाले, "सुनावणी चुकली तर दरवाजा चुकला. तू जा. जागेवर वहिनी आहेत. मुद्देमाल मी रविवारी परत आणून टाकतो, पडला होता तस्सा."

रविवारी सगळे दगड परत आले. सोमवारी निघताना मृणाली सासूबाईंना म्हणाली, "आई, साहेब येतील. पडलंय ते सगळं त्यांना नीट दिसलं पाहिजे, बरं का."

"नीट दिसल, नीट दिसल. तू जा निर्धास्त."

मृणाली निर्धास्त कधीच जात नसे, पण त्या दिवशी गेली. हीच चूक झाली.

कार्यालयात साहेब नव्हते. शिपाई म्हणाला, "ते पाहणीला गेले. तुमच्याकडंच." मृणालीनं आरोहीला उचललं, रिक्षा केली आणि सगळा रस्ता रिक्षावाल्याच्या मानेकडे संशयानं बघत काढला, की हा मुद्दाम हळू चालवतोय. घर आलं. ती उतरली. आणि आपण चुकीच्या घरासमोर उतरलो असं तिला वाटलं.

समोर गडगा उभा होता. कमरेएवढा, सरळसोट, दगडावर दगड. शेणानं सारवलेलं खळं, त्यावर रांगोळी. बेड्याच्या बांबूला आंब्याचं डहाळं. धाकू नळावर हातपाय धूत होता, आणि पडवीतल्या खुर्चीत तेच फोटोवाले साहेब हातात कोकम सरबताचा पेला घेऊन, समोर पोह्यांची बशी, अत्यंत गोंधळलेल्या चेहऱ्यानं बसले होते.

"आई!" मृणालीनं आरोहीला खाली सोडलं. "हे काय केलंत?"

"काय केला म्हंजे? एवढा मोठा सायब घरी येनार, आनि दारात ढिगारा? लोक काय म्हनतील? तूच सांगलस ना, नीट दिसला पायजे. पाटंपासून धाकूला लावला कामाला. बघ कसा नीट दिसतो."

महिपतकाका आपल्या पडवीत डोक्याला हात लावून बसले होते. त्यांनी पहाटे आरडाओरडा केला होता म्हणे. पण वहिनींनी त्यांनाच दगड द्यायला उभं केलं.

साहेबांनी पेला खाली ठेवला. "बाई, पडलेला गडगा कुठला?"

"हाच," मृणाली म्हणाली.

"हा तर उभा आहे."

"आत्ता उभा आहे. पडला होता."

"आधी उभा होता याला आधार नव्हता, आता पडला होता याला नाही." साहेबांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनंतर समाधान दिसलं. त्यांनी टेप काढली आणि रस्त्याच्या कडेपासून मोजायला घेतलं. दोनदा मोजलं. मग ते हळूच हसले. "आणि तोही रस्त्याच्या हद्दीत हातभर पुढे."

मृणालीनं धाकूकडे बघितलं. धाकूनं सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी आकाशाकडे बघितलं.

"काकी बोलल्या, हातभर पुढं घे," धाकू म्हणाला.

"बोलले, तर?" सासूबाई फणकारल्या. "पडलेला गडगा परत लावताना हातभर पुढंच लावतात. माझ्या सासूनं लावला, तिच्या सासूनं लावला. तेव्हा नाय कोन मोजायला आला!"

साहेब उरलेले पोहे संपवून गेले. त्यानंतर आलेलं पाकीट मृणालीनं उघडायचं धाडसच केलं नाही. ती ते तसंच घेऊन महिपतकाकांकडे गेली. काकांनी चष्मा लावून वाचलं. "अतिक्रमण. दावा गेला. उलट तुम्हालाच नोटीस. गडगा का काढू नये याचा खुलासा करावा." त्यांनी नोटीस मांडीवर ठेवली. मृणालीच्या डोळ्यांपुढे ती लाल एस्टी आली. पुन्हा ढिगारा, पुन्हा स्टूल, पुन्हा ती साडी. भाभींचं ऐकलं असतं तर?

"पोरी," काका एकदम ताठ बसले. त्यांनी नोटीस पुन्हा वाचली, मग उजेडात धरून तिसऱ्यांदा. "ही नोटीस आहे ना?"

"हो."

"म्हणजे आता दरवाजे संपेपर्यंत त्यांनी थांबायचं! तू खुलासा देणार. तो फेटाळला की वर अपील. वर फेटाळलं की त्याच्या वर. प्रत्येक ठिकाणी सुनावणी, आणि निकाल लागेपर्यंत जैसे थे. एका दगडाला हात लावता येणार नाही त्यांना!" त्यांचा आवाज चढला. "आणि नोटीस कुणाच्या नावानं आहे? 'मृणाली व इतर एक.' म्हणजे इतर एकचा खुलासा वेगळा, अपील वेगळं, सुनावणी वेगळी!"

"मग किती दिवस लागतील, काका?"

काकांनी मृणालीच्या खळ्यात बघितलं. अर्जदार क्रमांक दोन गडग्याला गाल लावून उभी होती आणि दगडाच्या फटीतून रस्त्यावरच्या एस्टीला टाटा करत होती.

"ही पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागेल," ते म्हणाले. "तोवर हा हलत नाही."

मृणाली घरी आली. बेडं घातलं, बांबू नीट बसलाय का ते दोनदा हलवून पाहिलं, मशीनवरचं कापड काढलं. सासूबाई आत घोरत होत्या. गडग्यावरचं कुंकू अजून पुसलं नव्हतं. कुणीतरी जास्वंदीचं ताजं फूलही ठेवून गेलं होतं. खुलासा शेवटच्या दिवशी द्यायचा, असं तिनं ठरवलं. त्यातही आरोहीचा आधी द्यायचा का मागून, यावर काकांशी एकदा सविस्तर बोलायला हवं होतं.

तिनं चहा ओतून घेतला आणि बराच वेळ संशयानं त्याच्याकडे पाहिलं. मग घोट घेतला. जीभ भाजली. कित्येक दिवसांत भाजली नव्हती.